डॅशहुंड कुत्र्याची मणक्यांमधली चकती सरकली: थेट ऑपरेशन की पिंजरा?

चौपाय: पाठ दुखतेय, चाल लटपटतेय, पण कुत्रं स्वतःच्या पायांवर चालतंय, तोवर सुरी लावू नये. किमान ४ आठवडे पिंजरा. ‘घरातल्या घरात आराम’ नव्हे हं! उभं राहून वळता येईल एवढीच जागा, शी-शूसाठी उचलून बाहेर. बहुतेकांचं फसतं ते इथेच. वेदनाशामकाने चौथ्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसतं, मालक दार उघडतात, आणि ते सोफ्यावर उडी मारतं. चकतीचं फाटलेलं कडं तेव्हा भरलेलं नसतं.

कणा_१३: चालतंय तोवर मान्य. उभंच राहता येत नसेल तर मात्र वाट बघणं जुगार आहे. या जातीत चकतीचा मऊ गर कोवळ्या वयातच चुनकळीसारखा कडक होतो. कडं फाटलं की तो मज्जारज्जूवर आदळतो, बहुधा छाती आणि कंबरेचे मणके जुळतात तिथे. हेमिलॅमिनेक्टमीत मणक्याची एक बाजू ड्रिलने कोरून तो काढतात. मागच्या पायांच्या बोटांत खोल वेदनेची जाणीव शिल्लक असताना केली तर दहातली नऊएक कुत्री पुन्हा चालतात. ही जाणीव गेल्यावर केली तर जेमतेम निम्मी.

चौपाय: वेदनेची जाणीव शिल्लक आहे हे ठरवलं कशावरून? चिमटल्यावर पाय आखडला, एवढ्यावरून? ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, मज्जारज्जू पार तुटला तरी होते. चिमट्याने हाडापर्यंत दाबल्यावर मान वळवली, केकाटलं किंवा चावायला आलं, तरच धरा. शिवाय साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. एमआरआय किंवा सीटी नसताना कुठल्या बाजूने कोरणार?

कणा_१३: स्कॅनशिवाय उघडा असं कोण म्हणतंय? म्हणूनच पहिल्याच दिवशी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या.

शेपूट: दोघांचंही एक राहिलं. स्टिरॉइड आणि मेलॉक्सिकॅम (सूज-वेदनेवरचं औषध) एकत्र देऊ नका, आतड्याला भोक पडू शकतं. आणि मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी गळतेय म्हणजे होतेय असं नाही, तुडुंब मूत्राशय ओसंडतंय. दर ६-८ तासांनी हाताने दाबून रिकामं करा, ऑपरेशन होवो न होवो.

चौपाय: बरोबर. पण वेदनेची जाणीव गेलेल्यांत साधारण दहातल्या एकाचा मज्जारज्जू पुढे सडत जातो, श्वासही थांबतो. ऑपरेशनने ते हमखास थांबत नाही. हे सही घेण्याआधी मालकाला सांगतात का?

कणा_१३: सांगायलाच हवं. पण पिंजऱ्यानेही ते थांबत नाही.