मदत हवी आहे: घर सासऱ्यांच्या नावावर, बहिणीला परत जायचे नाही, भाडे मागता येईल का?

नमस्कार. माझ्या मावसबहिणीसाठी, तिच्या संमतीने, हा प्रश्न विचारते आहे. गाव आणि नावे मुद्दाम दिलेली नाहीत. लग्नानंतर सात वर्षे ती सासरी राहिली. नवऱ्याची मारहाण असह्य झाल्यावर तीन आठवड्यांपूर्वी ती लहान मुलीला घेऊन बाहेर पडली. सखी वन स्टॉप सेंटरमधला (हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र) निवारा चार-पाच दिवसांपुरताच असल्याने सध्या त्या दोघी माझ्याकडे, दोन खोल्यांत आहेत.

घर सासऱ्यांच्या मालकीचे आहे आणि "मुलाच्या नावावर एक वीटही नाही, तर सुनेचा हक्क कसला", असा निरोप त्यांनी नातेवाइकांकरवी पाठवला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या 2005 च्या कायद्यातील कलम 17, म्हणजे सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क, मी वाचले आहे. सासू-सासऱ्यांचे घर त्यातून वगळणारा 2006 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीश आहुजा प्रकरणात अमान्य केला, हेही वाचले. आमची अडचण निराळी आहे. हक्क शाबीत झाला तरी तिला त्या घराचा जिना पुन्हा चढायचा नाही, आणि तसा आग्रह मीही धरणार नाही. मग आपण होऊन बाहेर पडल्याने तिचा हक्क बुडाला असे न्यायालय मानते का? निकाल लागेपर्यंत राहायचे कसे? आणि आमच्या तालुक्यात अर्ज केला तर ती कुठे आहे हे त्यांना कळेल, त्याचे काय?

उत्तर:

ताई, हक्क बुडत नाही. ज्या घरात ती कौटुंबिक नात्याने पूर्वी कधीही राहिली असेल तेही कायद्यातल्या सामायिक घराच्या व्याख्येत येते, आणि प्रत्यक्ष तिथे राहत नसलेल्या स्त्रीलाही हा हक्क असल्याचे 2022 च्या प्रभा त्यागी निकालात स्पष्ट झाले आहे. कलम 19 मध्ये तशाच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे देण्याचा आदेश मागता येतो. परत जाणे सुरक्षित का नाही, हे मात्र अर्जात सविस्तर लिहा. नुसते "भाडे मिळावे" एवढ्यावर भागत नाही. सोबत तशाच घराच्या स्थानिक भाड्याचा एखादा पुरावा जोडा.

पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त वेळ जातो. म्हणून प्रतिज्ञापत्रासह कलम 23 खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश पहिल्याच दिवशी मागा. ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. ठिकाण कळण्याची भीती खरी आहे. त्यासाठी कलम 18 चा संरक्षण आदेश (त्रास देण्यास, संपर्क साधण्यास मनाई करणारा) मागताना मुलीच्या शाळेचाही उल्लेख करा. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) अर्जासाठी मदत करतात, त्याला शुल्क नसते. स्त्रीधन आणि तिची कागदपत्रे सासरी राहिली आहेत का?

प्रश्नकर्ती: हो, मुलीचा जन्मदाखलासुद्धा तिथेच आहे. सोमवारी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जातो आहोत. तेही अर्जात घालायला सांगते.