प्रति: ₹ च्या जागी कचरा येतो आणि ऱ्य तुटतो

ऑटोहॉटकीत (शॉर्टकटवर ठरलेला मजकूर टाइप करून देणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) शॉर्टकट मारला की ₹ ऐवजी टोपीवाला ए आणि पुढे कचरा येतो म्हणताय ना, तो फॉन्टचा लोचा नाहीये, उगाच फॉन्ट बदलत बसू नका. व्हर्जन १ असेल तर स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ विथ बॉम (यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची तिची खूण) अशी सेव्ह करा, नोटपॅडच्या सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंग असतं तिथे, कारण बॉम नसला की ते विंडोजचं जुनं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरून वाचतं आणि ₹ चे ३ बाइट ३ वेगळी अक्षरं होऊन बाहेर पडतात. व्हर्जन २ मुळातच यूटीएफ-८ धरतं.

आता ऱ्य. आमच्या वाशीच्या ऑफिसात दिवसभर 'व्यापाऱ्यांना', 'शेतकऱ्यांना' असलीच पत्रं, त्यामुळे हे दुखणं रोजचंच. हा ऱ्य दोन प्रकारे बनतो, एक म्हणजे साधा र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं कॅरेक्टर, दुसरा म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलंत. दिसायला सेम, पण सर्चमध्ये एक टाकलं तर दुसरं सापडेलच असं नाही (एक्सेलमध्ये तर डोकंच फिरतं). शिवाय झेडडब्ल्यूजे काही सॉफ्टवेअर गुपचूप गाळतात आणि 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. म्हणून स्निपेटमध्ये (शॉर्टकटला लावलेल्या मजकुरात) नुक्तावालाच टाका.

रिमोटवर (दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवताना) अक्षरं गळत असतील तर टाइप करण्याऐवजी क्लिपबोर्डने पेस्ट करायला लावा, एस्पॅन्सो या असल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसं सेटिंग आहे. आणि फक्त ₹ च हवा असेल तर एवढा खटाटोप कशाला, विंडोजला इंग्लिश इंडिया कीबोर्ड लावा, उजवा ऑल्ट आणि ४.