लेपर्ड गेकोने खाणे सोडले आहे आणि शेपटी बारीक वाटते: आधी काय तपासावे?

ओसरी (एडिसन, न्यू जर्सी)
नमस्कार. आमच्या शेजाऱ्यांनी घर बदलताना त्यांचा लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) पेटीसकट आमच्या मुलीच्या हवाली केला. वय अंदाजे तीन वर्षे, रंग नेहमीचा पिवळा आणि त्यावर काळे ठिपके. त्यांनी दिलेल्या वहीत सप्टेंबरमधले वजन ५८ ग्रॅम असे नोंदलेले आहे. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ५१ ग्रॅम भरले. पेटीत तळाला बारीक ‘कॅल्शियम’ वाळू आहे, दिवसरात्र लाल दिवा जळतो, थर्मोस्टॅट (तापमान आपोआप ठरावीक ठेवणारे यंत्र) नाही. खाद्य म्हणून फक्त मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) दिले जात होते आणि गेल्या काही आठवड्यांपासून तेही त्याने नाकारले आहेत. मागच्या पायांच्या बोटांवर जुन्या कातीचे तुकडे चिकटलेले दिसतात. थंडीत हे प्राणी खात नाहीत असे अनेक चित्रफितींत सांगितले जाते. ते मानून वाट पाहावी का? आमच्या गावातले पशुवैद्य केवळ कुत्री-मांजरी पाहतात, त्यामुळे योग्य डॉक्टर कसा शोधावा हेही कृपया सांगावे.

निवडुंग (ऑस्टिन, टेक्सास)
ओसरीताई, थंडीत प्रौढ गेकोची भूक मंदावते हे खरे आहे, आणि विणीच्या काळात नरही अन्न टाळतात. मात्र धडधाकट गेको अशा उपवासात शेपटीतल्या चरबीवर तगून राहतो आणि त्याचे वजन फारसे ढळत नाही. आपल्या आकड्यांत घट सुमारे १२ टक्के आहे. दहा टक्क्यांच्या पुढे गेलेली घट मी कधीही ऋतूच्या माथी मारत नाही.

औषधाचा विचार करण्याआधी उष्णता मोजावी. या प्राण्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. तळ पुरेसा गरम नसेल तर पोटातले अन्न पचत नाही, आणि न पचलेले अन्न पोटात असताना तो पुढचा घास घेत नाही. काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर हवेचे तापमान दाखवतो, म्हणून त्यावर विसंबू नये. ज्या जागी गेकोचे पोट टेकते त्या दगडाचे किंवा फरशीचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावे. ते ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, म्हणजे अमेरिकी मापात ९० ते ९३ फॅरनहाइट, असायला हवे. दुसरे टोक २२ ते २५ अंशांवर राहू द्यावे, कारण उबेतून गारव्यात आणि पुन्हा उबेत जाऊनच तो आपले तापमान सांभाळतो. कोणतेही गरम करणारे साधन थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये, कारण एका बाजूला उपासमार असते तर दुसऱ्या बाजूला भाजलेले पोट. लाल दिवा रात्री बंद करावा; त्याला तो उजेड दिसतो, आणि खोली १८ अंशांच्या खाली जात नसेल तर रात्रीच्या गारव्याने त्याचे काही बिघडत नाही.

वाळू आजच काढून टाकावी. वाळूबाबत पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. माती आणि वाळूचा घट्ट बसवलेला थर निरोगी गेकोला चालतो हे मलाही मान्य आहे. पण ‘कॅल्शियम’ म्हणून विकली जाणारी सुटी वाळू आजारी प्राण्याखाली ठेवण्याचे कोणतेही समर्थन मला सापडत नाही, कारण ती तो चाटतो आणि ती आतड्यात साचून मार्ग बंद होऊ शकतो. सध्या साधा पेपर टॉवेल अंथरावा. त्यावर विष्ठा किती आणि कशी होते हे स्पष्ट दिसते, आणि पुढच्या काही दिवसांत तीच माहिती सर्वांत मोलाची ठरेल. लपण्याच्या जागा तीन हव्यात: उबदार टोकाला एक, गार टोकाला एक आणि मध्ये ओलसर शेवाळ भरलेला झाकणाचा डबा, ज्याला आत शिरण्यापुरते भोक असेल. कात नीट निघण्यासाठी हा डबा अत्यावश्यक आहे.

मोहोर (लेस्टर, इंग्लंड)
मी पशुवैद्यकीय परिचारिका आहे आणि आमच्या दवाखान्यात सरपटणारे प्राणी नियमित येतात. निवडुंग यांनी उष्णतेबद्दल लिहिले ते सर्व योग्य आहे. मी लक्षणांकडे वळते.

बोटांवरची कात आधी सोडवावी. पोटापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे त्याला उभे करावे आणि मग ओल्या कापसाच्या काडीने ती हळूहळू गुंडाळत काढावी. कोरडी ओढू नये. कातीचे कडे बोटाभोवती आवळत जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडते. म्हणून बोट सुजलेले किंवा काळे पडलेले असेल तर घरी प्रयत्न न करता डॉक्टरकडे जावे. याच वेळी पापण्याही पाहाव्यात. बहुतेक गेकोंना पापण्या नसतात, लेपर्ड गेकोला असतात, आणि त्यांच्या आत कात अडकली की डोळा मिटलेला राहतो. शिकार दिसली नाही की तो खात नाही, आणि आपण मात्र पोटाचा आजार शोधत बसतो.

आता शेपटी. वजन घटत असताना शेपटी काडीसारखी होत गेली, विष्ठा पातळ किंवा दुर्गंधीयुक्त झाली, किंवा त्याने खाल्लेले ओकून टाकले, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यावी लागते. तो लहान आतड्याच्या अस्तरावर वाढतो, त्यामुळे खाणारा गेकोही वाळत जातो. विष्ठेची पीसीआर चाचणी करता येते, परंतु परजीवी दर वेळी विष्ठेत उतरतोच असे नाही, म्हणून एक चाचणी निर्दोष आली तरी निर्धास्त होऊ नये. खात्रीचा इलाज नाही आणि ब्लीचसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. घरात दुसरा सरपटणारा प्राणी असेल तर चिमटे, भांडी आणि हात यांपैकी काहीही सामाईक राहू देऊ नये. अर्थात, बारीक शेपटीचे कारण नुसती थंड पेटी किंवा साधे जंतही असू शकतात. घरी बसून निदान होणार नाही.

जबडा रबरासारखा लवचीक लागणे, पाय वाकणे, चालताना थरथर होणे ही कॅल्शियमच्या कमतरतेने हाडे मऊ झाल्याची चिन्हे आहेत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा नाकाशी बुडबुडे येणे हे फुप्फुसांच्या संसर्गाचे लक्षण आहे. गुदद्वारातून लालसर भाग बाहेर आलेला दिसला तर तो ओल्या कापडाने झाकून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मान तिरकी करून गोल गोल फिरणे एनिग्मा नावाच्या रंगवाणात जन्मजात आढळते. लेमन फ्रॉस्ट या वाणात रंगपेशींच्या गाठी होतात. त्या गाठींचा संबंध एका जनुकाशी असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. आपल्या गेकोच्या रंगावरून हे दोन्ही संभवत नाही.

नर की मादी हे मात्र आवर्जून पाहावे. काचेच्या डब्यात ठेवून खालून बघितल्यास नराच्या मांड्यांच्या मध्ये उलट्या ‘व्ही’ आकारात ठळक छिद्रांची रांग आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसतात. मादी नराशिवायही अंडी धरते, त्या काळात ती खाणे सोडते आणि कधी अंडी अडकतातही.

काजवा (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)
खाद्याविषयी दोन शब्द. मीलवर्म वाईट नाहीत, पण वर्षानुवर्षे तेवढेच देणे योग्य नाही. रातकिडे आणि डुबिया झुरळे आलटून पालटून द्यावीत, किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, आणि त्या किड्यांना आदल्या दिवशी भाजीपाला खाऊ घालावा. प्रौढाला दोन-तीन दिवसांआड खाणे पुरते. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. जीवनसत्त्व डी३ असलेली पूड वेगळी आणि बेताने, कारण अतिरेकी डी३ही घातक ठरते. कमी तीव्रतेची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी लावणे मला उत्तम वाटते, जरी तिच्याविना वाढलेले गेको पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या अंगणात काजवे भरपूर असतात. माझे नाव काहीही असो, तो किडा पेटीत कधीही टाकू नये. त्यातले विष सरड्यांचा जीव घेते.

पायवाट (नाशिक)
विषयाला थोडा फाटा फोडतो. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरात अगदी अशीच ठिपक्यांची पाल दिसते. ती पाळता येईल का?

निवडुंग
पायवाट, ती बहुधा युब्लेफारिस फस्कस, म्हणजे गुजरात-महाराष्ट्रात आढळणारी लेपर्ड गेकोची रानटी बहीण. सातपुड्यातील याच कुळातल्या जातीचे वर्णन २०१४ मध्ये झाले. परदेशात पाळले जाणारे गेको पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढवलेले आहेत. रानातला प्राणी उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे. तिला विष नसते, एवढे मात्र गावात जरूर सांगावे, कारण विषारी समजून तिला ठेचले जाते.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. दिव्याखालच्या दगडाचे तापमान अवघे २५ अंश निघाले. थर्मोस्टॅट मागवला आहे, वाळू काढली, कातही सुटली. बोटे गुलाबी आहेत. खालून छिद्रांची रांग दिसत नाही, म्हणजे मादी असावी, आणि पोटात त्वचेआड दोन फिकट गोल आकार जाणवतात. आता घाई करावी का?

मोहोर
होय, या आठवड्यात दाखवावेच. ते गोल आकार म्हणजे अंडी जिथे तयार होतात ते बीजकोश असू शकतात, आणि ते नीट पुढे सरकतात की अडकले आहेत हे तपासणी, क्ष-किरण किंवा सोनोग्राफीनेच कळते. ती जोर करत असेल, मलूल पडली असेल किंवा मागचे पाय ओढत असेल तर आठवडाही थांबू नये. असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची सूची आहे. दूरध्वनीवर ‘आपण लेपर्ड गेको किती वेळा पाहता’ असे थेट विचारावे, त्यात संकोच नको.

जाताना हवेशीर छोट्या डब्यात टॉवेल घालून तिला ठेवावे. गाडी आधी गरम करून घ्यावी आणि कोमट पाण्याची बाटली डब्याच्या बाहेरून लावावी, आत नव्हे. ताजी विष्ठा मिळाली तर घट्ट पिशवीत शीतकपाटात ठेवून न्यावी. पेटीची छायाचित्रे, शेजाऱ्यांची वहीही न्यावी. तोवर ओलसर डब्यातले शेवाळ जरा खोल भरावे, म्हणजे अंडी घालायची झाली तर तिला उकरायला जागा मिळेल. जबरदस्तीने काहीही भरवू नये, पाणी मात्र समोर असावे. आणि मुलीला प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावावे, कारण निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो.