कानात सतत आवाज असताना दातांचं स्केलिंग: मशीन, इअरप्लग की हाताची अवजारं?

पेठकर

आईला (वय ६४) दोन्ही कानांत टिनिटस आहे, म्हणजे बाहेर काही नसताना कानात ऐकू येणारा आवाज, बारीक शिट्टीसारखा. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झच्या पुढे घसरण दिसते. शिवाय भांडं पडलं किंवा कुकरची शिट्टी झाली की कानात कळ जाते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टार्टरचा (दातांवर कडक झालेल्या किटणाचा) जाड थर आहे, ब्रश करताना रक्त येतं. स्केलिंग, म्हणजे हा थर काढून सफाई, करायला सांगितलंय.

मशीनने टिनिटस वाढतो का? इअरप्लग घालून भागेल का? नुसत्या हाताच्या अवजारांनी पूर्ण साफ होतं का? आणि पुण्यात सावकाश, ऐकून घेऊन करणारं कुठे शोधायचं? "काही होत नाही हो" छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी भरपूर मिळालेत.

श्रवणमापक

आधी इअरप्लगचं, कारण तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो.

स्केलरचा, म्हणजे टार्टर काढणाऱ्या मशीनचा, आवाज कानात दोन वाटांनी येतो: हवेतून, आणि दात-जबडा-कवटी असा हाडातून थेट आतल्या कानात. प्लग फक्त पहिली वाट अडवतो. दोन्ही कान बोटांनी बंद करून "ऊंऽऽ" म्हणून बघा, स्वतःचा आवाज घुमून मोठा ऐकू येतो. प्लग अर्धवट घातला तर खुर्चीवर हेच होतं: घरघर, खरवड असे खालच्या पट्टीतले आवाज उलट वाढतात. फोमचा प्लग खोल बसला तर हे घुमणं बरंच कमी होतं. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बाहेर अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर काढून पुन्हा घाला. याची सवय घरी करा, खुर्चीवर नाही. आणि कानात मळ असेल तर आधी ईएनटीकडून काढून घ्या, नाहीतर प्लग तो आत ढकलतो.

प्लग घातल्यावर टिनिटस जास्त जाणवेल, कारण त्याला झाकणारे बाहेरचे आवाज गेले. तो वाढलेला नसतो. हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून खांदे-मान आवळतात आणि त्याने खरंच वाढू शकतो.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कॉम्प्रेसर (दातांची यंत्रं चालवणारा हवेचा पंप) आणि सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) यांची घरघर कमी करतात. बारीक किंचाळणाऱ्या आवाजावर त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स फारसं चालत नाही, तिथे जी काय अडवणूक होते ती कानावरच्या गादीची. हेडफोन लावलेच तर पावसासारखा एकसारखा आवाज अगदी हळू ठेवा. मशीनला हरवायला गाणी मोठी करणं हा उलटा उद्योग आहे.

आता धोका किती. कारखान्यात ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वमान्य सावधगिरीची पातळी. स्केलरचा हवेतला आवाज साधारण ७० ते ९० च्या पट्ट्यात आणि वेळ अर्धा तास, म्हणून ऐकण्याला कायमची इजा होणं अवघड. पण कळ जाणं आणि टिनिटस काही दिवस भडकणं वेगळं. ते डेसिबलच्या तक्त्यात बसत नाही, तरी खरं असतं.

हिरडीविभाग

वरच्या प्रतिसादाशी सहमत. अवजारांचं मी सांगतो.

अल्ट्रासॉनिक स्केलर दोन जातींचे. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्हमध्ये टोक लंबगोल फिरतं, पिझोमध्ये सरळ रेषेत मागेपुढे. दोन्हींची मूळ कंपनं साधारण २५ ते ३० हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या २० हजारांच्या मर्यादेपलीकडे. ऐकू येतं ते त्याच्या खालच्या पट्टीतले उपस्वर, पाण्याचा फवारा आणि टोक दातावर घासल्याचा आवाज. हवेवर चालणारा सॉनिक स्केलर मात्र ३ ते ८ हजार हर्ट्झवर चालतो, थेट कानाच्या टप्प्यात. तो नकोच म्हणून सांगा.

मशीन जास्त ओरडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पिझोचं टोक पुरेसं आवळलेलं नसतं. टोक झिजलेलं असतं: १ मिमी झीज म्हणजे सुमारे पाव कार्यक्षमता गेली, २ मिमी म्हणजे निम्मी, मग पॉवर वाढवावी लागते आणि वेळही लागतो. किंवा टोकाचा अणकुचीदार शेंडा दातावर धरला जातो. टोकाची बाजू दाताला जवळजवळ समांतर, १५ अंशांच्या आत, पिसासारख्या हलक्या दाबाने लागली पाहिजे. दाबलं की आवाज बदलतो आणि कामही थांबतं. तेव्हा डॉक्टरांकडे मागणी अशी करा: नवं बारीक टोक, पॉवर कमीत कमी, पाणी भरपूर, एका वेळी पाचेक सेकंद आणि मग थांबा.

हाताच्या अवजारांनी पूर्ण होतं का? होतं. सिकल स्केलरने हिरडीच्या वरचं, ग्रेसी क्युरेटने हिरडीखालचं. क्युरेटचे नंबर असतात: पुढच्या दातांना ५/६, दाढांच्या पुढच्या बाजूला ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. वेळ जास्त लागतो, म्हणून दोन किंवा चार बैठका. अवजाराला धार हवी. बोथट क्युरेट टार्टर काढत नाही, नुसता गुळगुळीत करतो, आणि खरवडण्याचा आवाज वाढतो तो वेगळाच.

पॉलिशिंग चक्क वगळा. ते डागांसाठी असतं, हिरड्या त्यावाचून बऱ्या होतात. एअर पॉलिशिंगचा फुत्कार तर अशा कानांना फार वाईट.

कोथरूडकर

मग सरळ "मशीन अजिबात नको" असंच का सांगू नये?

हिरडीविभाग

@कोथरूडकर, कारण थर जाड असेल तर हाताने तो फोडायला जोर लागतो, जबडा बराच वेळ उघडा राहतो, आणि खरवडही हाडातूनच जाते. काहींना मशीनचे पाच सेकंद सोसतात पण खरवड सोसत नाही. म्हणून आधी चाचणी घ्या. खालच्या पुढच्या एका दातावर दोन्ही प्रकार करून बघायचे आणि आईंनी निवडायचं. वरचा जबडा कवटीला जोडलेला आहे, त्यामुळे वरच्या दाढांना आवाज सहसा जास्त पोचतो. त्या शेवटी, शक्यतो हाताने. आईंचा मुख्य थर खालीच आहे हे बरं.

खुर्चीशेजारची

दोघेही सक्शन विसरले. कित्येकदा सगळ्यात त्रासदायक तेच असतं. जाड नळीचं सक्शन गालाला किंवा जिभेला चिकटलं की एकदम चिरका आवाज निघतो. बारीक लाळनळी वाकवून गालाच्या कोपऱ्यात ठेवायची आणि मध्येमध्ये बंद करायची. हाताने स्केलिंग असेल तर पाणी कमी, त्यामुळे सक्शन जवळपास लागतच नाही.

डावा हात वर म्हणजे ताबडतोब थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवा. तोंडात रबरी बाइट ब्लॉक ठेवला तर जबड्याच्या स्नायूंना आराम मिळतो. दर दहा मिनिटांनी तो काढून तोंड मिटू द्या, कारण जबड्याचा सांधा आणि मान आखडली तरी काहींचा टिनिटस बदलतो. श्रवणयंत्र असेल तर काढून डबीत. ट्रेमध्ये अवजारं टाकल्याचा खणखणाट होतो, ट्रेवर रुमाल घालायला सांगा. एवढ्याशा गोष्टीने फार फरक पडतो.

पेठकर

आभार. आईला इकोस्प्रिन ७५ (कमी डोसची अ‍ॅस्पिरिन) चालू आहे. टिनिटस अ‍ॅस्पिरिनने होतो असं वाचलं. ती बंद करायची का?

श्रवणमापक

मनाने अजिबात बंद करू नका. अ‍ॅस्पिरिनने कानात आवाज येतात ते मुख्यतः मोठ्या डोसला, ७५ मिलिग्रॅमला सहसा नाही. हृदयासाठी चालू असलेली गोळी थांबवण्याचा धोका स्केलिंगच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा. डेन्टिस्टना फक्त सांगून ठेवा, रक्त कापसाच्या दाबाने थांबतं. नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल बहुधा पुरतं.

टिनिटस थोडा भडकला तर साधारण काही दिवसांत पूर्वपदावर येतो. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी ईएनटी.

खुर्चीशेजारची

पुण्यात कुठे, ते राहिलं. डेंटल कॉलेजांच्या पेरिओ (हिरड्यांच्या) विभागात हाताचं स्केलिंग शिकवतात आणि खर्चही कमी: धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. पण कॉलेजात एका हॉलमध्ये अनेक खुर्च्या एकाच वेळी चालतात, आईंच्या कानांना ते जड जाईल. त्यापेक्षा एकच खुर्ची असलेला, पेरिओमध्ये एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेला डॉक्टर बघा. फोनवर तीनच प्रश्न विचारा: ग्रेसी क्युरेट आहेत का, कॉम्प्रेसर खोलीबाहेर आहे का, सकाळची पहिली वेळ द्याल का. पहिल्याच प्रश्नाला "मशीनने पाच मिनिटांत होतं" असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

लक्ष्मी रोड, टिळक रोडच्या बाजूचं क्लिनिक असेल तर गणपतीच्या आधीचे ढोल-ताशांच्या सरावाचे आठवडे आणि ते दहा दिवस टाळा. येताना रिक्षात कान झाकणारे मफ्स चालतील, घरी पोचल्यावर काढा. शांत घरातही दिवसभर कान बंद ठेवले तर संवेदनशीलता आणखी वाढते.

आणि पहिली सफाई झाली की पुढची तीन-चार महिन्यांनीच घ्या. थर पातळ असतो, दहा-पंधरा मिनिटांत हाताने निघतो. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडं असतात, म्हणून टार्टर तिथेच लवकर बसतं. रोज रात्री तिथे फटीत मावेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. सुरुवातीला रक्त येईल, तरी फिरवत राहायचं.