संगीत ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत मराठी नाट्यसंगीत सापडत नाही : शोध कसा घ्यावा?

नांदी (प्रश्न; येथील सर्व मथळे ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावे आहेत)

नमस्कार. मी अमेरिकेतील एका विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास करते आणि साधारण १९१० ते १९३५ या काळातील मराठी नाट्यपदांच्या चाली हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. विद्यापीठाचे स्वतंत्र संगीत ग्रंथालय आहे, त्याची ऑनलाइन सूची आहे, आणि मराठी पुस्तकांचा येथे चांगला संग्रह असल्याचे मला प्रवेश घेतानाच सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मात्र शोधपेटीत ‘बाल गंधर्व नाट्यसंगीत’ हे शब्द रोमन अक्षरांत टाकले की चार नोंदी येतात आणि त्यांतील दोन गांधार शिल्पकलेवरच्या असतात. तेच शब्द देवनागरीत टाकले तर एकही नोंद येत नाही.

मागच्या आठवड्यात मी भलतेच पुस्तक आणायला कपाटांच्या रांगेत शिरले असता अगदी तळाच्या फळीवर, मोडकळीला आलेल्या बांधणीतला, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा एक जुना मराठी भाग दिसला. हेच पुस्तक मी सूचीत निदान तीन वेळा शोधले होते आणि ते येथे नाही असे गृहीत धरून पुण्याहून मागवण्याच्या विचारात होते. टेबलावर विचारले तेव्हा ‘सूचीत दिसत नाही म्हणजे आमच्याकडे नसणार’ असे उत्तर मिळाले, तेव्हा मी हातातले पुस्तक समोर ठेवले.

पुस्तक ग्रंथालयात आहे, त्याच्यावर क्रमांकाची चिठ्ठीही आहे, म्हणजे त्याची नोंद कोठेतरी असलीच पाहिजे. मग ती मला का दिसत नाही? आणि पुस्तकांचीच ही गत असेल तर जुन्या तबकड्यांचा शोध कसा घ्यावा? ज्यांनी अशा सूचींत काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कपाटक्रमांक

नोंद नक्की आहे. आपण लिहिता त्या स्पेलिंगने ती केलेली नाही, एवढेच. अमेरिकी ग्रंथालये मराठी शीर्षक रोमन लिपीत उतरवताना ठरावीक लिप्यंतराचे नियम पाळतात, आणि ते नियम आपण व्हॉट्सअ‍ॅपवर जसे रोमन मराठी लिहितो त्याच्याशी अजिबात जुळत नाहीत. जपानी, चिनी, अरबी अशा काही लिप्यांतील पुस्तकांना तेथे मूळ लिपीतील नोंदही पूर्वीपासून देत आले आहेत; देवनागरीच्या वाट्याला ते भाग्य उशिरा आले, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांच्या बहुतेक नोंदी केवळ रोमन लिपीत आहेत. आपला देवनागरी शोध रिकामा परत येतो तो यामुळे.

आपल्याच पुस्तकाचे उदाहरण घेऊ. आपण ‘संगीत’ लिहिताना बहुधा दोन ‘ई’ आणि शेवटी ‘टी’ लिहिले असेल. सूचीत तेथे एकच ‘आय’ असतो आणि ‘टी’नंतर आणखी एक ‘ए’ येतो, कारण नियमानुसार अन्त्य व्यंजनातला अकार लिहावाच लागतो, मग आपण तो उच्चारत असू वा नसू. ‘हिंदुस्थानी’ तर ‘थ’नेच, म्हणजे ‘टी’पुढे ‘एच’ देऊन लिहिलेला असणार, आणि आपण सवयीने ‘हिंदुस्तानी’ टाइप केले असेल. तीन शब्दांपैकी दोन चुकले की बिचारी सूची काय करणार? ‘बाल’ याचेही तेच: ‘एल’नंतर ‘ए’ हवा, आणि ‘बालगंधर्व’ हा शब्द एकदा जोडून आणि एकदा तोडून शोधायला हवा.

आणखी काही अक्षरे नेहमी दगा देतात. ‘च’साठी फक्त ‘सी’ येतो; ‘सी’ आणि ‘एच’ मिळून ‘छ’ होतो, म्हणून ‘चरित्र’ शोधताना ‘एच’ टाकला की संपले. तालव्य ‘श’ हा टिंबावजा खूण असलेला ‘एस’ असतो आणि ‘एस-एच’ ही जोडी पोटफोड्या ‘ष’साठी राखलेली असते, त्यामुळे ‘शाकुंतल’ नुसत्या ‘एस’ने शोधावे लागते. ‘ळ’ म्हणजे खाली टिंब दिलेला ‘एल’. ‘स्वयंवर’मध्ये ‘डब्ल्यू’ कोठेही येत नाही, दोन्ही ठिकाणी ‘व्ही’च. अक्षरांवरच्या आडव्या रेघा आणि खालची टिंबे मात्र आपल्याला टाइप करावी लागत नाहीत, कारण बहुतेक सूची शोध घेताना त्या खुणा सोडून देतात. याचा एक अनपेक्षित फायदाही होतो. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले आणि त्याआधीच्या पुस्तकांवर ‘पद्धति’ असे ऱ्हस्व असते, नंतरच्यांवर ‘पद्धती’ असे दीर्घ. देवनागरी शोधाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. खुणा गळालेल्या रोमन शोधाला ते एकच. त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी मला हा अवजड रोमन मार्गच अधिक खात्रीचा वाटतो.

व्यक्तिनामांसाठी कीवर्डची पेटी वापरू नये. सूचीत ‘ब्राउझ’ नावाची, लेखकांची नावे अकारविल्हे दाखवणारी सोय असते, ती पाहावी. ग्रंथालये प्रत्येक व्यक्तीसाठी नावाचे एकच अधिकृत रूप ठरवतात आणि बाकीच्या रूपांपासून त्याच्याकडे निर्देश देतात. हे निर्देश अनेक सूचींत ब्राउझ करतानाच दिसतात, कीवर्डने नाही. बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस हे आपल्याला ठाऊक असते, पण पुस्तक कोणत्या नावाखाली लावले आहे हे त्या निर्देशाशिवाय कळत नाही. भातखंडे यांनी तर ‘विष्णुशर्मा’ आणि ‘चतुरपंडित’ या नावांनीही लेखन केले आहे.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपला शोध संगीत ग्रंथालयापुरता मर्यादित आहे का, ते पाहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात ‘एम’ म्हणजे स्वरलिपी, ‘एमएल’ म्हणजे संगीताविषयीचे लेखन आणि ‘एमटी’ म्हणजे शिक्षणाची पुस्तके. ती सारी संगीत ग्रंथालयात असतात. परंतु संगीत नाटकाची संहिता, जिच्यात पदेही असतात आणि पुष्कळदा प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल व मूळ चाल छापलेली असते, ती साहित्य म्हणून ‘पीके’ वर्गात जाते आणि मुख्य ग्रंथालयाच्या कुठल्यातरी मजल्यावर बसते. आपल्या विषयाचा अर्धा ऐवज तेथे आहे. अमेरिकी विद्यापीठांना १९६२ पासून ‘पीएल ४८०’ या, मुळात अन्नधान्य-मदतीच्या, अमेरिकी कायद्याखाली भारतीय पुस्तके मोठ्या प्रमाणावर मिळत गेली, त्यामुळे तेथे काय सापडेल याचा नेम नाही.

जुनी तबकडी

वरील उत्तर पुस्तकांपुरते बिनतोड आहे. तबकड्यांच्या बाबतीत मात्र नियमबद्ध लिप्यंतरावर फार विसंबू नये. ध्वनिमुद्रणाची नोंद करणारा बहुधा लेबलवर छापलेलेच नाव उतरवून घेतो, आणि लेबलवरचे स्पेलिंग हा एक स्वतंत्र विनोदाचा विषय आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे करून गेला, तेव्हा तबकड्या छापल्या जात होत्या जर्मनीत, हानोव्हरला. गाणाऱ्याने शेवटी आपले नाव मोठ्याने सांगायचे ही त्या वेळची प्रथा याच सोयीसाठी होती. नाव ऐकून कोणी कसे लिहिले असेल याची कल्पना करावी. पुढे तबकड्या येथेच निघू लागल्या तरी ‘ड’चा ‘आर’ होणे थांबले नाही; म्हणून हिराबाई बडोदेकर ‘बरोडेकर’ म्हणूनही शोधाव्या लागतात, आणि मागे ‘मिस’ लावूनही. पदव्यांचा गोंधळ वेगळाच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, आणि यादीत त्यांचे नाव ‘सूरश्री’ ही पदवी लावून, ‘केसर’ आणि ‘बाई’ तोडून लिहिले आहे. ‘केसरबाई’ हा जोडशब्द अवतरणचिन्हांत घालून शोधणाऱ्याला ती नोंद दिसायची नाही.

म्हणून मी नावापेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवतो. तबकडीवर दोन प्रकारचे क्रमांक असतात. लेबलवर ठळक छापलेला तो कंपनीच्या विक्रीसूचीतला. दुसरा मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या एका बाजूच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा. तो खोबणी संपतात तेथे, लेबलच्या कडेला काळ्या लाखेतच उमटलेला असतो. तबकडी दिव्यापुढे तिरकी धरून हळूहळू फिरवावी लागते, मग एका कोनात अंक चमकतात आणि पुन्हा नाहीसे होतात. तेच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या मालिकेत नव्याने निघाले तर विक्रीचा क्रमांक बदलतो, मॅट्रिक्स सहसा तोच राहतो, त्यामुळे एकच गाणे दोनदा मोजण्याची चूक टळते. प्रगत शोधात ‘प्रकाशक क्रमांक’ असा रकाना असतो, तेथे तो टाकून पाहावा. अक्षर आणि अंक यांच्यामध्ये जागा सोडून एकदा आणि न सोडता एकदा.

क्रमांक हाती नसेल तर पदाच्या पहिल्या शब्दांनी शोधावे. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत, तेव्हा एका बाजूला एक पद असा हिशेब असे आणि नाटकाचे नाव कधी असे, कधी नसे. ‘नाथ हा माझा’ हे ‘स्वयंवर’मधले पद शोधताना ‘माझा’ची ‘झेड’ने, ‘जेएच’ने आणि ‘झेडएच’ने अशी तिन्ही रूपे कंसात घालून त्यांच्यामध्ये ‘ऑर’ लिहावे. अनिश्चित अक्षरांच्या जागी घालायच्या चिन्हांचा, म्हणजे तारांकनाचा (*) किंवा प्रश्नचिन्हाचा उपयोग होतो, पण कोणते चिन्ह किती अक्षरांसाठी हे प्रत्येक सूचीत वेगळे असते, ते मदतीच्या पानावर आधी पाहून घ्यावे.

भारतात येणे झाले तर गुरुग्रामचे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-अभिलेखागार अवश्य पाहावे. ते १९८२ मध्ये सुरू झाले. अभिलेखागारात सुट्या गाण्याऐवजी ते ध्वनिमुद्रण ज्यांच्या संग्रहातून आले त्यांच्या नावाने शोधण्याची सवय करावी लागते.

खर्ज

मी पाश्चात्त्य संगीताच्या सूचींत वाढले आहे, त्यामुळे एक गोष्ट जोडते. बेटहोव्हेनची ‘मूनलाइट’ सोनाटा शोधणारे विद्यार्थी नेहमी अर्धवट यादी घेऊन जातात, कारण ते नाव बेटहोव्हेनने दिलेले नाही आणि प्रत्येक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ते नसतेही. ग्रंथालय त्या कृतीला एक प्रमाणशीर्षक देते: सोनाटा, पियानो, क्रमांक १४, ओपस (म्हणजे कृतीचा प्रकाशनक्रमांक) २७, क्रमांक २. जर्मन, फ्रेंच, जपानी अशा साऱ्या आवृत्त्या त्या एका दोरीत ओवलेल्या असतात. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी जुन्या प्रतींवर पाचवी आहे आणि नव्या प्रतींवर नववी. ओपस ९५ मात्र दोन्हींकडे. मोझार्टच्या कृतींना सूचीकार केशेल याने दिलेले क्रमांकही १८६२ पासून हेच काम करत आहेत.

मराठी संगीत नाटकाला असा ओपस क्रमांक नाही, पण शीर्षकाची एक खोच आहे जी वर कोणी सांगितली नाही. जुन्या नाटकांच्या मुखपृष्ठावर ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत मानापमान’ असे छापलेले असते. शीर्षकांची अकारविल्हे यादी चाळताना आपण ‘सौभद्र’खाली पाहतो आणि नोंद ‘संगीत’खाली असते. दोन्ही ठिकाणी पाहावे.

कपाटक्रमांक यांच्याशी माझा किंचित मतभेद आहे. नावांसाठी ब्राउझ उत्तम, पण सुरुवात मी कीवर्डनेच करते, फक्त एक बरोबर नोंद मिळेपर्यंत. ती मिळाली की तिच्यातले विषयशीर्षक, उदाहरणार्थ ‘मराठी गाणी’ किंवा ‘हिंदुस्थानी संगीत’ या अर्थाचे इंग्रजी शीर्षक, दाबून पुढे जाते. आपण सुचवलेल्या शब्दांपेक्षा सूचीने स्वतः वापरलेले शब्द जास्त दूर नेतात. ‘स्वरलिपी’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ हे शब्द शोधपेटीत कधीही लिहू नयेत. त्यासाठी डावीकडे प्रकाराची चाळणी असते.

नांदी

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे बसले. ‘संगीत’ शेवटच्या ‘ए’सह आणि ‘स्वयंवर’ ‘व्ही’ने टाकल्यावर पहिल्याच पानावर खाडिलकरांच्या नाटकाच्या दोन आवृत्त्या आल्या, दोन्ही मुख्य ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर, ‘पीके’मध्येच. संगीत ग्रंथालयाची चाळणी मी पहिल्या दिवशी लावली होती आणि ती काढायची असते हे दीड वर्ष लक्षातच आले नव्हते. भातखंड्यांचे पुस्तकही निघाले. नोंद व्यवस्थित आहे, चूक माझ्या ‘त’ची होती.

तबकड्यांत एकच अडचण उरली आहे. नाट्यपदांच्या संकलनाची एक एलपी (लाँग-प्ले तबकडी) सूचीत दिसते, परंतु तिच्यात कोणती पदे आहेत हे नोंदीत दिसत नाही. ते पाहण्याचा काही मार्ग आहे का?

कपाटक्रमांक

नोंदीच्या तळाशी ‘स्टाफ व्ह्यू’ किंवा ‘मार्क’ (ग्रंथालयीन नोंदींचा संगणकीय साचा) असा दुवा शोधावा. तो उघडला की तीन आकडी रकाने दिसतात. ५०५ या रकान्यात अनुक्रमणिका असते, ०२८ मध्ये तबकडीचा क्रमांक आणि ८८० मध्ये, असलीच तर, देवनागरी. ५०५ रिकामा असेल तर नोंदणाऱ्याने पदे उतरवलेलीच नाहीत, आणि मग त्या एलपीतले एकही पद नावाने शोधून सापडणार नाही. अशा वेळी ०२८ मधला क्रमांक घेऊन तीच एलपी दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूचींत पाहावी. एखाद्याने पदे लिहिलेली असतात. आपण एलपी काढून ऐकलीत तर पदांची यादी सूची विभागाला कळवावी, ते भरून घेतात.