जुन्या ब्रिटिश स्पीकरच्या जोडीतला उजवा बोथट वाजतोय, कपॅसिटर गेला की ट्वीटर? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुलुंडच्या एका काकांनी घर आवरताना सत्तरच्या दशकातले ब्रिटिश बुकशेल्फ स्पीकर काढले ते मी उचलले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल. आठ इंची वूफर (खालचे सूर देणारा), डोम ट्वीटर (वरचे, बारीक सूर देणारा), पोर्टबिर्ट म्हणजे हवेसाठी भोक वगैरे काही नाही, पूर्ण सीलबंद खोका. एडगर विलचरने १९५४ च्या एआर-१ या स्पीकरमध्ये आणलेली तीच पद्धत, आत कोंडलेली हवाच वूफरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) स्प्रिंगचं काम करते. वूफरची कड रबराची आहे म्हणून वाचली, फोमची असती तर ठाण्याच्या दमट हवेत कधीच भुगा झाला असता.

आवाज मात्र काय सांगू! किशोरीताई लावल्या की गळा दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधे उभा राहतो, आणि डग्गा, आधीच्या नव्या उंच टॉवर स्पीकरवर तो नुसता धमधम करायचा, इथे मनगटाचा दाब वाढला की सूर कसा वर चढतो ते कळतं. तानपुऱ्याची जवारीही मस्त. बेस खूप खोल जात नाही पण मला चालतंय. भिंतीला चिकटून ठेवले होते तेव्हा जरा फुगत होता, वीतभर पुढे ओढल्यावर बसला.

आता दुखणं. तबल्याची चाट (काठावरचा टणक आघात) उजवीकडे मेल्यासारखी येते. मोनो करून बॅलन्स फिरवला की फरक लगेच कळतो. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, बोथटपणा त्याच खोक्याबरोबर जातो, म्हणजे अँप निर्दोष. कान लावला तर ट्वीटर वाजतोय, पण अगदी बारीक. इथला रिपेअरवाला म्हणतो दोन्ही ट्वीटर काढून नवे टाकू, ते मला अजिबात पटत नाही, मग जुने घेतले कशाला? माझा संशय क्रॉसओव्हरमधल्या (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) जुन्या बायपोलर कपॅसिटरवर आहे, पण त्या जागी प्लास्टिक फिल्मवाले कपॅसिटर टाकले की ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) कमी होऊन ट्रेबल टोचायला लागेल का ही भीती आहे. दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट गाठायची तयारी आहे, फक्त नक्की काय आणू ते सांगा.

प्रतिसाद: थांबा, आधी खोक्याच्या मागे ट्रेबल कमीजास्त करायचा नॉब आहे का ते बघा. त्या काळी बऱ्याच स्पीकरला असायचा आणि आतला कॉन्टॅक्ट गंजला की हेच होतं. नसेल तर ट्वीटरची वायर सोडवून मीटर लावा, ८ ओहमचा ट्वीटर साधारण ६ च्या आसपास दाखवतो. तेवढा आला तर कॉइल शाबूत आहे, मग कपॅसिटरकडे वळा. आणि बदलायचेच तर दोन्ही खोक्यांतले बदला. फिल्मवाले टोचले तर सिरीजमध्ये अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर टाकता येतो.

धागाकर्ता: आहे हो नॉब! धुळीने इतका माखलाय की मला तो स्क्रूच वाटला होता. फिरवला तर खरखर झाली, मधेच चाट खणखणीत आली आणि परत गेली. आता यात काय मारू, घरात डब्ल्यूडी-४० आहे.

प्रतिसाद: तो साधा डब्ल्यूडी-४० नको, तेलकट थर राहतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मागा, अँप बंद करून थोडासाच मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. नीट वाळल्याशिवाय अँप चालू करू नका. डावीकडच्यालाही मारून घ्या.