फॉक्सप्रोचा जुना डेटा हलवताना सीएसव्हीचा थांबा घेऊ नये

दशमान

फॉक्सप्रो आणि क्लिपर या जुन्या डेटाबेस प्रोग्रामांच्या डीबीएफ फायली (नोंदींचे तक्ते) पतसंस्थांमध्ये, ग्रंथालयांत, छोट्या कारखान्यांच्या हिशेबखात्यात अजून वापरात आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती, तिचा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. त्यामुळे हा डेटा ॲक्सेस, लिब्रेऑफिस बेस नाहीतर एसक्यूलाइटमध्ये न्यावा लागतो, आणि सल्ला ठरलेला असतो: "सीएसव्ही काढा आणि तिकडे आयात करा." सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल. माझ्या मते हा सल्ला नुकसानीचा आहे.

डीबीएफ फाइल स्वतःची रचना सोबत घेऊन फिरते. प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटांची नोंद असते: नाव, प्रकार, रुंदी, दशांश. सीएसव्हीत यातलं नावाखेरीज काही उरत नाही, मग घेणारा प्रोग्राम अंदाज बांधतो. खाते क्रमांक ००४५१२ असेल तर ॲक्सेस तो आकडा समजून ४५१२ करतो. फॉक्सप्रोची 'कॉपी टू' आज्ञा सीएसव्ही काढताना मेमो (लांब मजकुराचे) रकाने वगळते आणि तसा इशाराही देत नाही. मजकुरात दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर ती ते दोनदा लिहीत नाही, त्यामुळे त्या ओळीचे पुढचे रकाने सरकतात. 'सेट सेंच्युरी' (साल चार अंकी दाखवायची सेटिंग) बंद असेल तर साल दोन अंकी होण्याचा धोका. एवढं सगळं गमावायचं आणि मग हाताने दुरुस्त करायचं, त्यापेक्षा डीबीएफ थेट वाचा.

मळवाट

असहमत. 'डीबीएफ थेट वाचा' म्हणताना डीबीएफ हे एकच स्वरूप आहे असं गृहीत धरलंय. पहिला बाइट बघा: हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ०३ म्हणजे डीबेस ३ (आणखी एक जुना डेटाबेस प्रोग्राम), ८३ म्हणजे तेच पण मेमोसह, एफ५ म्हणजे फॉक्सप्रो २ मेमोसह, ३० म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो, ३१ मध्ये आपोआप वाढणारा क्रमांक, ३२ मध्ये व्हारचार (कमीजास्त लांबीचा मजकूर). मेमोची फाइल डीबेसची डीबीटी, फॉक्सप्रोची एफपीटी. मेमोकडे नेणारा पत्ता जुन्या फाइलींत दहा अक्षरी आकडा असतो, व्हिज्युअल फॉक्सप्रोत चार बाइटांची बायनरी संख्या. क्लिपर २५५ पेक्षा लांब अक्षर-रकान्याची जास्तीची लांबी दशांशाच्या बाइटमध्ये लिहितो. ज्याला हे माहीत नाही तो वाचणारा प्रोग्राम अशा फाइलीत पहिल्या ओळीपासूनच घसरतो.

वाचायचं कशाने? ॲक्सेस २०१३ मधून डीबेसचा आधार काढून टाकला होता, तो २०१६ मध्ये ऑफिस ३६५ साठी परत आला. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ओडीबीसी ड्रायव्हर (दुसऱ्या प्रोग्रामांना डेटा वाचून देणारा दुवा) फक्त ३२ बिट आहे, ६४ बिट ऑफिसला तो दिसतच नाही. शिवाय तो सहाव्या आवृत्तीच्या पुढे गेला नाही, म्हणून ३१ आणि ३२ वाल्या फायली उघडत नाहीत. मग लोक 'कॉपी टू' ला 'टाइप फॉक्स२एक्स' लावून जुन्या स्वरूपात उतरवतात. त्यात रकान्यांची नावं दहा अक्षरांवर कापली जातात आणि तारीख-वेळेतली वेळ गळते.

तुम्ही मांडलेले दोष सीएसव्हीचे नाहीत, आळसाने काढलेल्या सीएसव्हीचे आहेत. तारीख फॉक्सप्रोच्या डीटीओएस() फंक्शनने काढा, २०२४०३३१ असा आठ अंकी मजकूर मिळतो, त्यात दिवस-महिन्याची अदलाबदल शक्य नाही. तारीख-वेळेला टीटीओसी() मध्ये दुसरा आकडा १ द्या. अवतरणचिन्ह स्ट्रट्रॅन() ने दुहेरी करा. मेमो हवा असेल तर 'कॉपी टू' सोडा, स्कॅन लूपमध्ये (एकेक नोंद घेत जाणाऱ्या आवर्तनात) एफराइट() ने ओळी स्वतः लिहा. पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. ॲक्सेसच्या बाजूला त्याच फोल्डरमध्ये स्कीमा.आयएनआय ही मजकूर-फाइल ठेवा आणि त्यात रकान्यांचे प्रकार लिहा: पहिला रकाना टेक्स्ट, रुंदी १०. मग अंदाजाचा प्रश्नच राहत नाही, शून्यं जागेवर राहतात. शिवाय ही फाइल कोणीही नोटपॅडमध्ये उघडून तपासू शकतो.

अक्षरजुळणी

दोघांच्याही मांडणीत मराठी मजकूर कुठेच नाही, आणि खरी हानी तिथे होते. हेडरचा (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीचा) २९ क्रमांकाचा बाइट कोडपेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता, सांगतो: ०१ म्हणजे ४३७ (डॉसचा), ०३ म्हणजे १२५२ (विंडोजचा), ०० म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. खूण ०१ असेल तर व्हिज्युअल फॉक्सप्रो विंडोजवर फाइल वाचतानाच ४३७ चं १२५२ करतो. डॉसच्या काळात जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) भरलेला मजकूर इस्कीत (भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धती) असेल, तर इस्कीतली व्यंजनं हेक्स बी३ ते डी८ या पट्ट्यात आहेत. ४३७ मध्ये नेमक्या त्याच पट्ट्यात चौकटी आखायच्या रेघा आहेत. त्या रेघांना १२५२ मध्ये जोडीदार नाही, त्यामुळे अनेक बाइट एकाच चिन्हावर येऊन बसतात. म्हणजे व्यंजनंच जातात आणि ती परत मिळवायचा मार्ग उरत नाही. फॉक्सप्रोतून सीएसव्ही काढलीत की हे घडलंच. आधी सीपीडीबीएफ() ने खूण बघा. चुकीची असेल तर मूळ फाइलीच्या प्रतीवर फॉक्सप्रोसोबत येणारा सीपीझिरो हा प्रोग्राम चालवून ती बदला. तो फक्त खूण बदलतो, मजकुराला हात लावत नाही.

फाँटवर आधारलेला मजकूर ही याहून अवघड बाब. श्रीलिपी, आकृती, डीव्ही-टीटीयोगेश या जुन्या मराठी फाँटांत बाइट म्हणजे अक्षर नसून अक्षराचा तुकडा असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. रफाराचंही उलटं होतं. इस्कीत १२८ च्या खालचे बाइट इंग्रजीच राहतात. या फाँटांत तेही मराठी तुकड्यांसाठी वापरलेले असतात. त्यामुळे एकाच रकान्यात मराठी नाव आणि इंग्रजी आद्याक्षरं मिसळली असतील तर कुठलं काय, हे डेटा सांगू शकत नाही. ते नोंदी बघूनच ठरवावं लागतं. प्रत्येक फाँट-कुळाचा तक्ता वेगळा, म्हणून फाँट कोणता होता हे जुन्या रिपोर्टच्या फायलींतून आधी पक्कं करा.

पूर्णविराम

लिब्रेऑफिस कॅल्क डीबीएफ थेट उघडतं, वर्णसंचही विचारतं. मग एवढा खटाटोप कशाला? उघडा, तपासा, परत डीबीएफ म्हणून साठवा.

मळवाट

@पूर्णविराम, बघण्यासाठी ठीक. पण १०,४८,५७६ ओळींपुढे पान संपतं. आणि मजकूर युटीएफ-८ (युनिकोडची साठवणपद्धत) करून परत डीबीएफमध्ये साठवण्यात वेगळाच फास आहे: डीबीएफची रुंदी बाइटांत मोजतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोड युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. 'चंद्रकांत' हे एकटं नाव २७ बाइटांचं. ३० रुंदीच्या रकान्यात आडनावाला जागाच उरत नाही. युनिकोड मराठीसाठी डीबीएफ ही शेवटची जागा नव्हे, यावर तरी सगळ्यांचं एकमत व्हावं.

दशमान

शेवटची जागा नाहीच, मी सुरुवातीची जागा म्हणतोय. ओडीबीसीची अडचण मान्य, पण ड्रायव्हरची गरज काय? पायथॉन भाषेतलं डीबीएफरीड हे तयार साधन फॉक्सप्रोशिवाय फाइल वाचतं आणि एफपीटीतला मेमोही घेतं. अक्षरजुळणींच्या मुद्द्यावर त्याचा थेट उपाय आहे: एन्कोडिंग (कोडपेज) लॅटिन-१ द्या, सीपी१२५२ नाही. १२५२ मध्ये हेक्स ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, फाँटच्या मजकुरात त्यातला एखादा आला की वाचन तिथेच थांबतं. लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइट जसेच्या तसे येतात, रूपांतर नंतर निवांतपणे करता येतं.

पैशांचे रकानेही कच्च्या स्वरूपात बघायलाच हवेत. रुंदी ८, दशांश २ अशा रकान्यात जास्तीत जास्त ९९९९९.९९ बसतात, कारण टिंबही एक जागा खातं. १,२५,३४०.७५ भरलं तर फॉक्सप्रो आधी दशांश कमी करून १२५३४०.८ लिहितो, त्यानेही भागलं नाही तर घातांकाच्या रूपात, आणि अगदीच बसलं नाही तर चांदण्या (*). सीएसव्हीत १२५३४०.८ दिसलं तर ते १२५३४०.८० असावं असंच वाटतं. डीबीएफमध्ये टिंबाची जागा सरकलेली दिसते, म्हणून अशा नोंदी शोधून कागदी खातेवहीशी ताडता येतात. एसक्यूलाइटमध्ये भरताना रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा आणि टेबल 'स्ट्रिक्ट' (रकान्याचा प्रकार कडकपणे पाळणारं) करा (३.३७ पासून ती सोय आहे). नाहीतर पूर्णांकाच्या रकान्यात चांदण्याही मुकाट्याने जातात.

मळवाट

टिंबाचा मुद्दा पटला, तो सीएसव्हीत हरवतो. पण ज्या पतसंस्थेत एक हिशेबनीस आणि एक जुना संगणक आहे तिथे पायथॉन कोण चालवणार? माझी स्कॅन लूप त्यांच्याकडच्याच फॉक्सप्रोत चालते.

आणि डिलीट केलेल्या नोंदींचं बोला. ओळीच्या पहिल्या बाइटात चांदणी म्हणजे नोंद खोडलेली, पण पॅक (खोडलेल्या नोंदी कायमच्या काढणारी आज्ञा) होईपर्यंत ती फाइलीतच असते. हेडरमधली संख्या अशा नोंदी धरून असते. 'सेट डिलीटेड' (खोडलेल्या नोंदी लपवायची सेटिंग) चालू की बंद यावर तुमची बेरीज बदलते. लिब्रेऑफिस बेसमध्येही त्या नोंदी दाखवायचा वेगळा पर्याय आहे. दोन्ही बाजूंना एकच नियम लावून मगच संख्या आणि शिल्लकांची बेरीज ताडा.

अक्षरजुळणी

हिशेबनिसाची अडचण खरी आहे. तरी नावांच्या रकान्यांपुरतं सीएसव्हीवर भिस्त ठेवू नका असंच म्हणेन. एसक्यूलाइटमध्ये प्रत्येक मराठी रकान्याला जोडीला एक ब्लॉब (कच्च्या बाइटांचा) रकाना करा आणि त्यात मूळ बाइट जसेच्या तसे ठेवा. फाँटचा तक्ता एका जोडाक्षरात चुकला हे वर्षभरानेही कळू शकतं, तेव्हा रूपांतर नव्याने चालवता येईल.

मळवाट

ब्लॉबला हरकत नाही, पण तो त्याच टेबलात नको. पुढच्या माणसाला दोन 'नाव' रकाने दिसले की तो चुकीचा वापरतो. वेगळं टेबल करा, खाते क्रमांकाने जोडा आणि मूळ फाइलीचं नाव व नोंदीचा क्रमांकही तिथेच लिहा.